मे महिन्यातल्या वेगावरून स्वतःला जोखू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीड वर्षापासून जळगावात मेहरूण तलावाकडे पळताय, दहा किलोमीटर सहज होतात, डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनला (२१.१ किलोमीटर) नाव नोंदवलंय. पण दोनदा चौदाव्या किलोमीटरला थांबावं लागलं. फेब्रुवारीत सव्वासात मिनिटांत होणाऱ्या किलोमीटरला आता आठ मिनिटं लागतात, आणि ग्रुपवर इतरांचे आकडे बघून ‘हे आपलं काम नाही’ असं वाटायला लागलंय. स्वतःवर विश्वास कसा बसवायचा, असं विचारलंत. मी अमळनेरला राहतो, वय बावन्न, दहा वर्षं पळतोय. मला जे उमगलं ते सांगतो.

आधी त्या आठ मिनिटांबद्दल. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि पहाटे साडेपाचलाही घराच्या भिंतीला हात लावला तर गरम लागते. अशा हवेत हृदयावर दुहेरी भार पडतो. पायांना रक्त पुरवायचं आणि अंग थंड राहावं म्हणून कातडीकडेही पाठवायचं. घामावाटे पाणी जात राहिलं की रक्तातलं पाणीही कमी होतं. म्हणून त्याच वेगाला ठोके जास्त पडतात आणि दम लवकर लागतो. तुम्ही मागे गेलेल्या नाहीत, हवा बदलली आहे. दहा ते चौदा दिवस हळू पळत राहिलात की शरीर बरंच जुळवून घेतं, घाम लवकर सुटू लागतो, तरीही फेब्रुवारीचा वेग मेमध्ये मागू नये. या दिवसांत घड्याळ न बघता श्वासावर पळा. शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. मात्र चक्कर आली, अंगावर काटा आला, मळमळलं, तर तिथेच थांबायचं, सावली आणि पाणी गाठायचं. तिथे मनाचा निर्धार कामाचा नाही.

आता विश्वासाचं. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ ही भावना चार गोष्टींतून येते: स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि आपण आपल्या शरीराच्या खुणांचा लावलेला अर्थ. यातली पहिली सगळ्यांत भक्कम. आपण मात्र बहुतेक वेळा तिसरीच्या मागे असतो, कुणीतरी ‘तू करशील’ म्हणावं म्हणून. ते उसनं अवसान असतं, पहिल्या चढाला संपतं.

माझी पहिली हाफ मॅरेथॉन मी अर्धवट सोडली. सोळाव्या किलोमीटरला दुभाजकावर बसलो आणि उठलोच नाही. दुसऱ्यांचा वेग बघून सुरुवातीला सुसाट सुटलो होतो. घरी आल्यावर आठवडाभर बूट कोपऱ्यात. मग दुकानातल्या हिशोबाच्या लाल वह्यांतली एक कोरी वही घेतली आणि रोज फक्त तीन ओळी लिहायला लागलो: किती पळालो, हवा कशी होती, कुठे सोडावंसं वाटलं आणि तरी किती पुढे गेलो. वेळ मुद्दाम लिहिली नाही. ती वही आजही आहे. पानांच्या कडांना घामाच्या बोटांचे डाग आहेत, काही ओळी फिसकटल्यात. एका पानावर आहे: ‘११ किमी. पाऊस झिमझिम. आठव्याला परतावंसं वाटलं. केळीच्या बागेपर्यंत जाऊन बघू म्हटलं. गेलो.’ अशी पाच महिन्यांची पानं जमली. पुढच्या शर्यतीच्या आदल्या रात्री तीच वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी सोळाव्या किलोमीटरला पाय तसेच जड झाले, पण या वेळी मला ते ओळखीचं होतं. वहीत ते बावीस वेळा लिहिलेलं होतं. शर्यत पूर्ण झाली.

बंडुराच्या चारांतल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे आपल्यासारख्या माणसाला पाहण्याबद्दल, एक सांगतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली. आम्हाला कोण अभिमान! पण तिच्याकडे बघून मन म्हणतं, ती वेगळीच. मला जास्त धीर आला तो आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना पाहून. दोन मुलं, सकाळी डबे, आणि तरी पाच वाजता रस्त्यावर. तुम्हीही तुमच्याच वेगाची एखादी मैत्रीण शोधा, आणि ग्रुपवरचे आकडे महिनाभर बघूच नका. तुमच्या चौदा किलोमीटरशी त्यांचा काही संबंध नाही.

लोक काय म्हणतात तेही लिहिलंत. मलाही शेतावर निघालेले आजोबा विचारायचे, ‘कथा चालना रे भाऊ?’, म्हणजे कुठे निघालास? मी थांबून सांगायचो, डिसेंबरात एकवीस किलोमीटर पळायचंय. पाऊस सुरू झाल्यावर तेच बैलगाडीवरून ओरडून विचारायला लागले, आज किती झालं?

चौदाच्या पुढे जायला एक सोपी रीत आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळलेल्या जेफ गॅलोवे यांनी पळणं-चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत रुजवली. तुम्ही सुरुवातीपासूनच चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. दमल्यावर चालणं आणि ठरवून चालणं यात मनावर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो. पहिल्यात हरल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात बेत आपल्या हातात राहतो. जूनपासून दर दोन आठवड्यांनी लांबच्या पळण्यात एक किलोमीटर वाढवा, मध्ये एखादा आठवडा कमी करा. ऑक्टोबरची उकाड्याची लाट गेली की नोव्हेंबरात अठरा-एकोणीस करून ठेवा. पूर्ण २१.१ आधी पळायची गरज नाही.

आज संध्याकाळी एक वही आणा. पहिली नोंद त्या दोन चौदांचीच करा, तारखेसकट. आणि दुसऱ्या वेळी जिथे थांबलात तिथून घरी कशा आलात, तेही लिहा. चालत आला असाल तर ते अंतरही धरा.