मासळी घरपोच देणारं अ‍ॅप अंध ग्राहकांनाही वापरता यावं, सुरुवात कुठून करू?

आधी स्वतःच्या फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू करा, डोळे मिटा आणि एक ऑर्डर देऊन बघा. काय राहिलंय ते दोन मिनिटांत कळेल. म्हापशातल्या एका दुकानासाठी मी असंच अ‍ॅप केलं होतं. फोटो झकास, पण त्यांना वर्णनच दिलं नव्हतं. बांगडा की इसवण, ऐकणाऱ्याला कळायचं कसं? चूक माझीच. नुसतं चित्र असलेल्या प्रत्येक बटणालाही नाव द्या.

बाकी आकडे सोपे आहेत: बटणाची लांबी-रुंदी अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापं), अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१. फिकट राखाडी अक्षरं (डिझायनरांची आवडती!) पणजीच्या उन्हात डोळसांनाही दिसत नाहीत. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी रोज टॉकबॅक वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, रीतसर पैसे देऊन.