तगलेलं झाड खरंच काटक असतं का?

प्रश्न : बारा वर्षांचा संत्र्याचा बगिचा आहे. पानं पिवळी पडतात, शेंडे वाळतात, फळ बारीक राहतं. तपासणीत सूत्रकृमी (मुळांतला रस शोषणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक कृमी) निघाला. त्याला बळी न पडणारी संत्र्याची जात सांगा.
(बागायतदार, वरूड)

उत्तर : भाऊ, जात बदलून भागणार नाही. हा सूत्रकृमी मुळांवर जगतो आणि मुळं संत्र्याची नसून खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा (कळीचा तुकडा) बसवतात त्याची असतात. आपल्याकडे डोळे भरतात ते जंबेरी या रानटी लिंबावर, नाहीतर रंगपूर लाइम या दुसऱ्या लिंबावर. दोन्ही त्याला बळी पडतात. त्रिपर्णी संत्र्याचा खुंट मात्र दाद देत नाही. सूत्रकृमीच्या मादीनं मुळात डोकं खुपसलं की तिथल्या पेशीच मरतात, तिला खायला उरत नाही. पण चुनखडीच्या जमिनीत हा खुंट पिवळा पडतो, म्हणून आपल्या काळ्या जमिनीत तो डोळे झाकून लावू नका. आणि नवी कलमं आणताना पिशवीतली माती तपासून घ्या. रोग बरेचदा तिथूनच बगिच्यात येतो, हे मी कळकळीनं सांगतो.

प्रश्न : जपाननं सूत्रकृमीला तोंड देणारे पाइन शोधले कसे?
(कृषी विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर : तिथला सूत्रकृमी वेगळा, तो मुळांमध्ये नाही, खोडात शिरतो, भुंगा त्याला झाडोझाडी नेतो. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथले बहुतेक पाइन त्याला सहन करतात, जपानच्या तांबड्या आणि काळ्या पाइनची मात्र रानंच्या रानं वाळली. १९७८ पासून अशा उजाड रानांत तगलेली झाडं हेरली गेली. पण तगलं म्हणजे काटकच, असं त्यांनी धरलं नाही. कदाचित भुंगा तिथवर पोचलाच नसेल! म्हणून त्या झाडांची कलमं करून त्यांत सूत्रकृमी टोचले. हजारो झाडांतून तांबड्या पाइनची ९२ आणि काळ्याची अवघी १६ टिकली. हा गुण एकाच जनुकात नसतो, त्यामुळे त्यांच्या बियांची सगळी रोपंही काटक निघत नाहीत. तीही टोचून पाहावी लागतात.

प्रश्न : माझ्या वाळत्या बगिच्यात एकच झाड हिरवंगार आहे. त्याचे डोळे घेऊ का?
(शेतकरी, काटोल)

उत्तर : डोळ्यांबरोबर मुळाचा गुण येत नाही. गुण असलाच तर खुंटात असेल. म्हणून त्या झाडाच्या खुंटाला जमिनीलगत फुटवा आला तर एक राखा आणि त्याच्या फळातलं बी घ्या. फळ धरायला काही वर्षं जातील, पण जंबेरीच्या बियांची बहुतेक रोपं आईसारखीच येतात. ती रोगट मातीच्या कुंड्यांत लावा, शेजारी साधी जंबेरीही लावा, आणि कोणाच्या मुळांवर सूत्रकृमी कमी, ते प्रयोगशाळेत तपासून घ्या.