नेटलिंकवर (लिनक्स कर्नल प्रोग्रॅमना सूचना पाठवतो तो मार्ग) लिंक अप-डाउन ऐकणाऱ्या डीमनला, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला, लोड आला की ईनोबफ्स (बफर भरून सूचना गळाल्याची एरर) येतो. रिसीव्ह बफर किती ठेवू?

आकडा मागू नका. याच आकड्यावरून आमच्या टीममध्ये दोन आठवडे भांडण चाललं होतं, आणि त्यात मी हरले होते.

झालं असं, की एका रात्री डिप्लॉयमध्ये शेकडो कंटेनर उठले आणि बसले. प्रत्येकाची व्हीईथ (आभासी नेटवर्क इंटरफेसची) जोडी, प्रत्येक जोडीमागे सूचनांची रांग. आमचा डीमन ज्या लूपमध्ये सॉकेट वाचायचा त्याच लूपमध्ये डेटाबेसातही लिहायचा (हो, मला माहीत आहे). बफर भरला, आणि नेमकी त्याच वेळी अपलिंक, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी लिंक, पडली. तिची सूचना गळाली. डॅशबोर्ड सकाळपर्यंत हिरवागार.

सिनियरने बफर दुप्पट केला. परत तेच झालं, परत दुप्पट. तिसऱ्यांदा त्याने ईनोबफ्स कळवूच नको असा नेटलिंकचा सॉकेट ऑप्शन लावून टाकला. लॉग स्वच्छ, सगळे खूश. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला प्रकार. सूचना गळतच होत्या, फक्त आता कळायला मार्ग उरला नव्हता.

मी तेव्हाही हेच म्हणत होते: नेटलिंक भरवशाचा नाही हे मॅन पेजवरच लिहिलंय. ईनोबफ्स आला की तुमच्याकडचं चित्र शिळं झालं, एवढंच कर्नल सांगतोय. मग ताजं चित्र, म्हणजे सगळ्या इंटरफेसची सध्याची यादी (डंप), मागून घ्या. पण आधी सॉकेट ईअगेन ('आता वाचायला काही नाही') येईपर्यंत रिकामा करा. एकदा ओव्हरफ्लो झाला की रांग रिकामी होईपर्यंत कर्नल त्या सॉकेटवर नवीन सूचना टाकत नाही, त्यामुळे डंप आधी घेतलात तर मधलं पुन्हा हुकतं. त्यानंतर वेगळ्या सॉकेटवर पूर्ण डंप घ्या आणि आपल्या टेबलाशी ताडून पाहा. डंपमध्ये जे नाही ते टेबलातून उडवा. डंपवर इंटरप्टेडचा फ्लॅग (यादी घेताना मध्येच काही बदललं) दिसला तर तो डंप टाकून द्या आणि नवा घ्या. डीमन सुरू होतानाही आधी सूचनांचा ग्रुप जॉइन करायचा, मग डंप. उलटं केलं तर मधल्या फटीत काहीतरी हरवणारच. आणि टेबलात इंटरफेस ओळखायला त्याचं नाव वापरू नका, इंडेक्स वापरा, नावं बदलतात.

बफर वाढवूच नका असं नाही. डिफॉल्ट बहुतेक ठिकाणी 2,12,992 बाइट असतो, कंटेनरच्या झुंडीपुढे तो तोकडाच. आरमेम-मॅक्सच्या (सिस्टिमने घातलेल्या बफरच्या कमाल मर्यादेच्या) वर जायचं तर फोर्सवाला ऑप्शन लागतो, त्याला नेट-अ‍ॅडमिनची कॅपॅबिलिटी हवी. दोन-चार इंटरफेसचं साधं मशीन असेल तर ईनोबफ्स कदाचित कधी दिसणारही नाही. पण वाचणारा थ्रेड वेगळा ठेवाच.

त्या कोडमध्ये तो ईनोबफ्स दडपणारा ऑप्शन माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत होता, शेजारी कॉमेंट: 'लॉगमधला कचरा बंद'. तुमच्या कोडमध्ये ग्रेप मारून बघा. सापडला तर बफरचं नंतर पाहू, आधी तो काढा.