अविवाहित शिक्षिकेचा माग

प्रश्न : माझे यजमान मूळचे इंग्लंडचे आहेत. त्यांच्या घराण्याच्या वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या बहिणीपुढे ‘जन्म १८८९, शिक्षिका, अविवाहित’ एवढीच नोंद आहे. सार्वजनिक कागदपत्रांतून त्यांच्या आयुष्याविषयी अधिक काही कळू शकेल का?

उत्तर : नक्कीच कळू शकेल, आणि विवाहित बहिणींपेक्षा बहुधा अधिक. लग्नानंतर आडनाव बदलले की कागदोपत्री माग पुसट होतो. यांचे नाव मात्र जन्मापासून मृत्यूपर्यंत एकच असणार. शिवाय त्या काळी लग्न होताच शिक्षिकेने नोकरी सोडावी, असा नियम अनेक स्थानिक शिक्षण प्राधिकरणांनी केलेला होता आणि तो १९४४च्या शिक्षण कायद्याने संपला. त्यामुळे त्या अविवाहित राहिल्या याकडे, इतर कारणे असली तरी, नोकरीच्या संदर्भातही पाहायला हवे.

आरंभ १९२१च्या जनगणनेपासून करावा, कारण तिच्या अर्जात मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाणही विचारलेले आहे. म्हणजे शाळाच हाती लागते. १९३१चे कागद १९४२मध्ये आगीत नष्ट झाले आणि १९४१ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. ही मोठी पोकळी २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेली राष्ट्रीय नोंदवही बऱ्याच अंशी भरून काढते, कारण तिच्यात पत्ता, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि व्यवसाय असतो. मतदारयाद्या सावधपणे वाचाव्यात. १९१८मध्ये तिशीवरील स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण त्याला मालमत्तेची अट होती आणि सामानासह भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणारी शिक्षिका त्या अटीत बसत नसे. ही अट १९२८मध्ये गेली. म्हणून त्यापूर्वीच्या यादीत नाव नसले, तरी त्या गावी त्या राहत नव्हत्या असे समजू नये.

शाळा कळली की तिथल्या जिल्हा अभिलेखागाराकडे मुख्याध्यापकाच्या दैनंदिन नोंदवहीची चौकशी करावी. माझ्या मते या शोधातला सर्वांत मोलाचा कागद हाच आहे, कारण शिक्षिका कधी रुजू झाल्या, कोणता वर्ग सांभाळला, आजारपणाची रजा कधी घेतली आणि शाळा कधी सोडली, हे त्यात त्या त्या दिवशी लिहिलेले आढळते. अलीकडच्या वह्या खासगीपणाच्या कारणास्तव बंद असू शकतात. १९१४ ते १९४८ या काळातील शिक्षक नोंदणी परिषदेच्या नोंदीही पाहाव्यात. त्यांत शिक्षण, पात्रता आणि नोकऱ्यांचा तपशील मिळतो, मात्र ही नोंदणी ऐच्छिक होती.

शेवटी मृत्युपत्रांची राष्ट्रीय सूची चाळावी, ती १८५८पासून उपलब्ध आहे. तिच्यात मृत्यूची तारीख आणि मागे राहिलेल्या संपत्तीची रक्कम मिळते, आणि मृत्युपत्र केलेले असल्यास त्याची प्रत मागवता येते. मूलबाळ नसलेल्या स्त्रीच्या मृत्युपत्रात भाचे-पुतणे, मैत्रिणी आणि सहकारी शिक्षिका यांची नावे पुष्कळदा आढळतात, तेव्हा हा खर्च अवश्य करावा.