वाचक विचारतात : कर्तव्यावर गेलेल्यांची गाणी बसवताना

१४ एप्रिल (अग्निशमन सेवा दिन), २१ ऑक्टोबर (पोलीस स्मृतिदिन) आणि २६ नोव्हेंबर (२००८ च्या मुंबई हल्ल्याचा दिवस) या तारखा जवळ आल्या की मुंबईतली मंडळं, शाळा आणि वसाहती कर्तव्य बजावताना मरण पावलेल्यांच्या गाण्यांविषयी आमच्याकडे साधारण एकाच जातीचे प्रश्न पाठवतात. त्यांतले काही या वेळी घेतले आहेत. उत्तरं शाहिरी, समूहगान आणि ध्वनिव्यवस्था या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमचं नायगावचं मंडळ २६ नोव्हेंबरला नवा पोवाडा सादर करणार आहे. पहिला खर्डा नुसता वाचायलाच अर्धा तास लागतो. किती ठेवावा? आणि 'जी जी रं जी' प्रत्येक ओळीला घ्यायचंच का?

बारा मिनिटं ठेवा. रस्त्यावरच्या मंडपात त्यापुढे लोक ऐकत नाहीत, नुसते उभे असतात. नमनाला एक मिनिट, अडीच-अडीच मिनिटांचे चार चौक (पोवाड्याचे भाग) आणि शेवटी एक मिनिट नावांसाठी. खर्डा कापायला घ्याल तेव्हा आधी नमन पाहा. तिथे गणपतीपासून गावदेवीपर्यंत सगळ्यांची हजेरी लागलेली असते. मग अतिरेक्यांचं वर्णन काढा, सगळंच. कवीला तिथे रंग भरायला सोपं जातं म्हणून ते फुगतं, आणि ज्यांच्यासाठी पोवाडा आहे त्यांच्या वाट्याला शेवटची चार घाईची कडवी उरतात.

तपशील मात्र नीट तपासा. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत, गाडीवर झालेल्या गोळीबारात गेले. त्याच गाडीतले पोलीस शिपाईही मरण पावले, आणि बहुतेक पोवाड्यांत त्यांचा उल्लेखच नसतो. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. हातात फक्त लाठी असताना त्यांनी अतिरेक्याच्या रायफलची नळी धरून ठेवली. यमक जुळतं म्हणून चौघांना एकाच जागी आणणारे पोवाडे आम्ही बरेच वाचले आहेत. ऐकणाऱ्यांत त्या रात्री ड्यूटीवर असलेला एखादा हवालदार हमखास असतो, त्याच्यापुढे ते चालत नाही. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये आणि हवालदार गजेंद्रसिंह नरिमन हाउसमध्ये धारातीर्थी पडले. दोघेही एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे) कमांडो होते, मुंबई पोलीस दलाचे नव्हेत.

नावं चालीत बसत नाहीत ही तक्रार कायमची. मात्रा मोजून पाहा : तुकाराम सहा, ओंबळे पाच, हेमंत पाच, करकरे पाच, अशोक चार, कामटे पाच, विजय तीन, साळसकर सहा. कहरवा तालाच्या आठ मात्रांच्या एका आवर्तनात (फेरीत) एक पूर्ण नाव कोंबू नका. एका आवर्तनात नाव, पुढच्यात आडनाव, दोन्ही समेवरून (पहिल्या मात्रेवरून) सुरू करायची आणि उरलेल्या मात्रा शेवटच्या अक्षरावर लांबवायच्या किंवा सोडून द्यायच्या. चार नावांची आठ आवर्तनं होतात. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत ती साधारण अडतीस सेकंदांत म्हणून होतात, आणि एकही नाव चिरडत नाही.

आता 'जी जी रं जी'. झीलकरी (शाहिरामागे साथीला गाणारे) ते घेतात तेव्हा शाहिराला दम मिळतो आणि श्रोत्याला ओळ पोचते. धावून जाण्याच्या, झुंजीच्या ओळींना ते हवंच. पण मृत्यूच्या ओळीवर तेच आलं की दाद दिल्यासारखं होतं. तिथे डफ आणि झांज थांबवा, दोन आवर्तनं तुणतुण्याची तार एकटी वाजू द्या, आणि झीलकऱ्यांनी फक्त नाव परत म्हणावं. डफ पुन्हा उचलताना पहिली थाप हलकी. ही जागा तालमीत दहा वेळा घोटून घ्या, कारण प्रत्यक्षात डफवाल्याचा हात सवयीने पडतोच.

शेवटच्या चौकात शाहिराने आपलं नाव गुंफायची रीत आहे. या विषयात ती सोडून दिलेली बरी. त्या जागी गेलेल्या माणसाचं गाव येऊ द्या. ओंबळ्यांचं केडंबे सातारा जिल्ह्यातलं. नायगाव-लालबागच्या श्रोत्यांत साताऱ्याकडची माणसं काही कमी नसतात.

ध्वनीचं थोडक्यात : शाहिराला एक माइक, तिघा झीलकऱ्यांत एक, आणि तुणतुण्याला अर्ध्या फुटावर वेगळा. डफाला माइक देऊ नका, उलट डफाचं तोंड माइकपासून वळतं ठेवा. कातडी डफ दमट हवेत सैल पडून उतरतो. नोव्हेंबरात फारसा त्रास नाही, पण हाच कार्यक्रम १५ ऑगस्टला केलात तर आधी डफ शेकून घ्यावा लागेल, आणि मध्ये वीस मिनिटांची भाषणं झाली तर पुन्हा. उघड्यावर लाउडस्पीकर असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी लागते. रात्री दहाला आवाज बंद. कार्यक्रम पोलिसांसाठी आहे म्हणून नियम सैल होत नाही.

प्रश्न : भायखळ्याच्या आमच्या शाळेला अग्निशमन सेवा सप्ताहात समूहगीत सादर करायचं आहे. पाचवी-सहावीची चाळीस मुलं आहेत. संगीतशिक्षकांनी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) चाल बसवली, पण वरच्या ओळींना मुलं किंचाळतात.

चूक मुलांची नाही, पट्टीची आहे. या वयातल्या मुलांचा मोकळा आवाज मध्य सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत धरा. काळी चार ही मोठ्या बायकांच्या एकल गाण्याची सोयीची पट्टी आहे. तिथे मध्य षड्ज (सा) मुलांना फार खाली जातो म्हणून ती पुटपुटतात, आणि तो वरच्या सप्तकात धरला की पंचमापाशी (प) किंचाळतात. षड्ज पांढरी दोनवर घ्या आणि चाल मंद्र निषाद (खालचा नी) ते तार षड्ज (वरचा सा) एवढ्यातच ठेवा. अंतऱ्यात तार गंधाराला (वरच्या ग ला) हात लावणारी चाल चाळीस मुलांकडून सुरात येणार नाही, कितीही तालमी केल्या तरी. ती जागा बदलून घ्या.

श्वासाचंही बघा. 'ज्वालांमध्ये' असा जोडाक्षरी शब्द श्वास संपतानाच आला की मुलं तो गिळतात. ओळ आठ-दहा अक्षरांची ठेवा आणि चाळीस जणांचे दोन गट करून ओळी वाटून द्या. एक गट गातो तेवढ्यात दुसरा दम घेतो.

शब्दांत एक चूक वारंवार दिसते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र होती. गाण्यांत "स्फोट झाला आणि जवान धावले" असं येतं. खरं तर अग्निशमन दलाचे लोक स्फोटाच्या आधीपासून आग विझवत होते. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला तेव्हा ते तिथेच होते, आणि दुसरा स्फोट अर्ध्या तासाच्या आतबाहेर झाला. त्यात दलाचे ६६ जण गेले. 'धावले' ऐवजी 'हटले नाहीत' म्हणा. गाण्याचा अर्थच त्याने बदलतो.

सायरनचा आवाज रेकॉर्डवरून घालायचा मोह सगळ्यांना होतो. नको. भायखळ्यात मुख्यालयाच्या इतक्या जवळ लोक खरोखरच खिडक्यांत येतील. तारखेचंही पाहा : १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, शाळेला सुट्टी आणि रस्त्यावर मिरवणुका. सप्ताह २० एप्रिलपर्यंत असतो, त्यातला कामाचा दिवस घ्या.

प्रश्न : आम्ही परळच्या एका रुग्णालयातल्या परिचारिका. कोविडकाळात गेलेल्या सहकाऱ्यांसाठी काही गायचं आहे. पोवाडा करून पाहिला, पण खोटा वाटला.

वाटणारच. पोवाड्याला शत्रू लागतो आणि चढाई लागते. वॉर्डातलं काम तसं नसतं. तेच काम रात्रभर, रोज. त्याला ओवी किंवा अभंग जवळचा. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. मात्रा मोजायच्या नाहीत, फक्त अक्षरं. नमुना म्हणून :

रात्रपाळी झाली। घरी नाही गेली।
मान सावरली। उशावर॥

असे पाच-सहा पुरेत, आणि प्रत्येकात एकच कृती असू द्या : सलाइन, घोटभर पाणी, नातेवाइकाला केलेला फोन. 'देवदूत', 'योद्धा' हे शब्द आले की ऐकणाऱ्याला माणूस दिसेनासा होतो. वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि रुग्णवाहिका चालकांना विसरू नका. या कामाची जुनी आठवण हवी असेल तर १८९६ मध्ये मांडवीत सुरू झालेला प्लेग आणि त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन गेलेल्या सावित्रीबाई फुले एका कडव्यात येऊ शकतात. एकाच, नाहीतर गाणं त्यांचं होऊन जाईल.

रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, त्यामुळे आवारात लाउडस्पीकर नकोच. गरजही नाही. बंद सभागृहात पंधरा-वीस आवाज, पेटी आणि दोन टाळ एवढ्यात भागतं. ढोलकी ठेवू नका, ती भिंती ओलांडून वॉर्डात जाते.

प्रश्न : 'ऐ मेरे वतन के लोगो'च्या चालीवर आम्ही अग्निशमन जवानांसाठी मराठी शब्द लिहिले आहेत. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत गाऊन व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा आहे. चालेल का?

मूळ गाणं सोसायटीत हौसेने, तिकीट न लावता गायला हरकत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी संस्थांना तेवढी सवलत आहे. तुमच्या बेतात तिच्या बाहेरच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, चाल तीच ठेवून नवे शब्द. कवी प्रदीप १९९८ मध्ये गेले आणि संगीतकार सी. रामचंद्र १९८२ मध्ये. हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे शब्दांवर २०५८ अखेरपर्यंत आणि चालीवर २०४२ अखेरपर्यंत. परवानगी लागेल. दुसरी गोष्ट इंटरनेटची. ती सवलत समोर बसलेल्या श्रोत्यांपुरती आहे. वर कराओके ट्रॅक वापरलात तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा.

कायदा बाजूला ठेवला तरी आमचा सल्ला 'नको' असाच आहे. १९६२ च्या युद्धातल्या सैनिकांसाठी लिहिलेलं आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लता मंगेशकरांनी पहिल्यांदा गायलेलं ते गाणं लोकांच्या कानात इतकं पक्कं आहे की पहिल्या ओळीलाच श्रोते मनात मूळ शब्द म्हणू लागतात. तुमचे जवान ऐकूच येत नाहीत. ओवी, अभंग, भारूड, पाळणा यांच्या परंपरागत चालींवर कुणाचा हक्क नाही. त्यांतली एखादी घ्या.

प्रश्न : काळबादेवीत ९ मे २०१५ च्या आगीत गेलेल्या चार अग्निशमन अधिकाऱ्यांची नावं गाण्यात घेतो आहोत. क्रम हुद्द्याप्रमाणे लावावा का?

गाण्यात हुद्दे घेऊ नका. ते लांब असतात आणि चालीत अडखळतात. हुद्दा निवेदनात सांगा, गाण्यात नावं चालीला सोयीची पडतील तशी घ्या : सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. क्रमावरून कुरबुर होईल असं वाटलं तर आडनावांचा अकारविल्हे क्रम. त्यावर कुणी बोलू शकत नाही. इमारत कोसळली तेव्हा चौघेही एकाच क्षणी गेले असं लिहू नका. राणे आणि देसाई तिथेच गेले. अमीन आणि नेसरीकर भाजल्यामुळे नंतर, उपचार चालू असताना गेले. घरच्यांसाठी ते मधले दिवस खरे आहेत, एका यमकासाठी ते पुसू नयेत.

घरची माणसं येणार असतील तर गाण्याचा कागद त्यांना आठवडाभर आधी द्या. नावाचा उच्चार त्यांच्याकडून ऐकून घ्या, आणि एखादी ओळ नको म्हणाले तर कारण न विचारता काढा. त्यांच्या खुर्च्या स्पीकरच्या तोंडाशी नकोत. गाणं संपताक्षणी शाल-श्रीफळासाठी मंचावर बोलावण्याची आपल्याकडे फार घाई असते. सत्कार आधी उरकून घ्या, गाणं नंतर.

प्रश्न : २१ ऑक्टोबरला पोलीस वसाहतीत छोटा कार्यक्रम आहे. बिगुलवाला मिळत नाही. 'लास्ट पोस्ट' (श्रद्धांजलीची बिगुलधून) मोबाइलवरून वाजवला तर?

वाजवा, पण फाइल आधी उतरवून घ्या आणि मोबाइल विमान मोडवर टाका. नाहीतर मौनाच्या मधोमध साबणाची जाहिरात लागते. क्रम असा : पुष्पचक्र, 'लास्ट पोस्ट', दोन मिनिटं मौन, 'राउज' (मौन संपल्यावरची बिगुलधून). दोन्ही धुनांच्या वेगळ्या फाइली करा, म्हणजे मौनाची वेळ घड्याळावर राहते. एकाने घड्याळाकडेच बघत उभं राहायचं. अंदाजाने पाळलेली दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपतात. निवेदकाने दोन ओळींत दिवसाचं कारण सांगावं : १९५९ मध्ये याच तारखेला लडाखच्या हॉट स्प्रिंग्स भागात दहा पोलीस जवान मारले गेले. टाळ्या नकोत हेही तेव्हाच सांगून टाका. खरा बिगुलवाला ऐन वेळी मिळालाच तर त्याला दहा मिनिटं आधी आडोशाला फुंकू द्या. थंड बिगूल आणि कोरडे ओठ यांनी पहिलाच वरचा सूर फाटतो.

प्रश्न : अशी गाणी भैरवी रागातच बांधावीत का?

बंधन नाही. मैफल भैरवीने संपते म्हणून तसं वाटतं. मुलांसाठी बांधत असाल तर भूप किंवा दुर्गा घ्या. दोन्हींत पाचच स्वर आणि सगळे शुद्ध, त्यामुळे कोमल स्वर घसरायचा प्रश्नच येत नाही.