निवृत्तीचे वय वाढत असताना अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांनी काय करावे?

प्रश्न : मी एकोणिसाव्या वर्षापासून फरशी बसवण्याचे काम करतो. आज माझे वय ५३ आहे. साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होईल असे मी धरून चाललो होतो; आता ते वय टप्प्याटप्प्याने ६५ पर्यंत नेले जाणार आहे. दिवसाचा बराचसा वेळ गुडघ्यांवर बसून जातो आणि संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. कार्यालयात नोकरी करणारे माझे मेहुणे म्हणतात, की माणसे आता जास्त जगतात, मग जास्त वर्षे काम करायला हरकत काय? त्यांचे बरोबर आहे का, आणि पुढची बारा वर्षे मी कशी काढावीत?

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे म्हणणे खरे आहे, पण ते सरासरीपुरते. आयुर्मान वाढले आहे आणि निवृत्तिवेतनाच्या निधीवर त्याचा भार पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अंगमेहनतीची कामे करणारी माणसे सरासरीने कमी जगतात आणि धडधाकट अवस्थेतली त्यांची वर्षे तर आणखी कमी असतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. त्यामुळे सर्वांचे वय सारखेच वाढवले, की ज्यांच्या वाट्याला निवृत्तीनंतरची वर्षे मुळातच थोडी येतात, त्यांच्या त्या थोडक्या वर्षांतूनच मोठा हिस्सा कापला जातो. शिवाय आपण एकोणिसाव्या वर्षी कामाला लागलात, म्हणजे पासष्टाव्या वर्षी आपली ४६ वर्षे भरतील. पंचविशीपर्यंत शिकून नोकरीला लागलेल्याची त्याच वयात ४० भरतात. कायदा जन्मतारीख पाहतो, कामाला लागल्याची तारीख पाहत नाही, आणि माझ्या मते अन्याय तिथूनच सुरू होतो.

शरीराचा हिशेबही समजून घ्यावा. आठ तासांच्या पाळीत माणसाने आपल्या कमाल दमाच्या साधारण एक तृतीयांश एवढीच शक्ती सतत वापरावी, असे श्रमशरीरशास्त्रात मानले जाते. ही कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ती थोडी सावकाश घटते, पण घटते. पोते, फरशी किंवा वीट मात्र हलकी होत नाही. तिसाव्या वर्षी जे काम एक तृतीयांश क्षमतेत होत असे, त्यालाच साठाव्या वर्षी ४५ टक्क्यांच्या आसपास क्षमता खर्ची पडते. म्हणून तेच काम करूनही अधिक थकवा येतो आणि रात्रीच्या विश्रांतीत तो भरून निघत नाही. याला आळस किंवा कामाची नावड म्हणणाऱ्यांनी एवढे गणित जरूर करून पाहावे.

आपली तक्रार जगाला ठाऊक नाही असेही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या १२८ क्रमांकाच्या करारात स्पष्ट म्हटले आहे, की निवृत्तीचे वय ६५ किंवा त्याहून अधिक असेल, तर कायद्याने कष्टाची किंवा आरोग्यास घातक ठरवलेली कामे केलेल्यांसाठी ते कमी करावे. अडचण येते ती ‘कष्टाचे काम’ ठरवताना. ऑस्ट्रियाने शारीरिक श्रमांसाठी उष्मांकांचे माप लावले : आठ तासांत पुरुषाचे किमान २,००० आणि स्त्रीचे १,४०० किलोकॅलरी खर्च होत असतील, तर ते जड काम. विम्याची ४५ वर्षे भरलेल्या आणि शेवटच्या २० वर्षांपैकी किमान १० वर्षे असे काम केलेल्या व्यक्तीला तिथे साठाव्या वर्षी निवृत्त होता येते. फ्रान्सने २०१५ पासून कामाच्या त्रासाचे गुण कामगाराच्या खात्यावर जमा करण्याची पद्धत सुरू केली, पण २०१७ मध्ये जड ओझी, अवघडलेली बैठक, यंत्रांची कंपने आणि रासायनिक द्रव्ये हे चार घटक त्यातून काढून टाकले. ते मोजणे अवघड असल्याची मालकांची तक्रार होती. म्हणजे आपल्यासारख्यांचे गुडघे आणि पाठ ज्यांमुळे झिजतात, नेमके तेच घटक वगळले गेले. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. डेन्मार्कने २०४० पासून निवृत्तीचे वय ७० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. मात्र लवकर कामाला लागलेल्यांसाठी तिथे २०२२ पासून वेगळी वाटही आहे, आणि वयाच्या ६१ व्या वर्षापर्यंत ४२, ४३ किंवा ४४ वर्षे भरलेल्यांना अनुक्रमे एक, दोन किंवा तीन वर्षे आधी निवृत्त होता येते. कामाची वर्षे मोजण्याची ही रीत मला अधिक सरळ वाटते, कारण ती कागदावर सिद्ध करता येते. तिचा तोटाही मोठा आहे. ज्यांची नोंदच कधी झाली नाही असे रोजंदारीवरचे मजूर आणि मुलाबाळांसाठी अधूनमधून काम सोडावे लागलेल्या स्त्रिया तिच्यातून निसटतात.

आता आपल्या बारा वर्षांविषयी. ती सर्व वर्षे गुडघ्यांवर बसून काढण्याचा विचार आजच सोडा. बदल करण्याची योग्य वेळ गुडघा पूर्ण बिघडण्याआधीची असते, कारण त्यानंतर वाटाघाटीला आपल्या हाती फारसे काही उरत नाही. गुडघ्यांवरची गादी जरूर वापरा, पण तिच्यावर विसंबू नका : तिने वाटीवरचा दाब पसरतो, मात्र गुडघा पूर्ण दुमडल्याने सांध्यावर येणारा भार तसाच राहतो. उभे राहून मिश्रण पसरवता येईल अशी लांब दांड्याची अवजारे मिळतात, ती मागून घ्या. डॉक्टरांकडून आजाराच्या नावासोबत काय करू नये हेही लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘सलग अर्ध्या तासाहून अधिक वेळ गुडघ्यांवर बसू नये’. नुसत्या निदानाने मालकाला काही कळत नाही. अशा स्पष्ट वाक्यावर त्याला काम बदलून देता येते. मोजमाप, अंदाजपत्रक, कामाची तपासणी, नवशिक्यांना शिकवणे ही कामे आपल्याच अनुभवावर उभी आहेत. मुकादमाच्या जागा थोड्याच असतात, हे मी जाणतो. म्हणूनच निम्मा दिवस बसून आणि निम्मा दिवस उभ्याने करायचे काम मिळाले, तरी ते पदरात पाडून घ्यावे.

वेळेआधी निवृत्त व्हायचे मनात असेल, तर कपात कायमची आहे का, हे आधी विचारा. अमेरिकेत १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण निवृत्तीचे वय ६७ आहे आणि ६२ व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू केल्यास ते आयुष्यभर सुमारे ३० टक्क्यांनी कमी मिळते. आपल्या योजनेतील आकडा लेखी मिळवल्याशिवाय सही करू नका. अपंगत्वाचा लाभ ही वेगळी बाब आहे आणि तिची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचर आहे. रुग्णांना उचलणे, कुशीवर वळवणे आणि दिवसभर चालणे हेच माझे काम आहे. घरची मंडळी म्हणतात, तुला वेगळा व्यायाम कशाला हवा, या कामाने तू साठीपर्यंत ठणठणीत राहशील. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, बाई. व्यायाम आपण आपल्या इच्छेने करतो, दम लागला की थांबतो आणि नंतर विश्रांती घेतो. कामावरचा भार तासन्‌तास चालतो, त्यात थांबण्याचा अधिकार आपला नसतो आणि अवघडलेल्या अवस्थेत ताण सोसावा लागतो; त्यामुळे हृदयाला व्यायामाचा लाभ मिळण्याऐवजी दिवसभराचा शीणच वाट्याला येतो. रुग्ण हातांनी उचलताना एका व्यक्तीवर १६ किलोंहून अधिक भार येऊ नये, अशी व्यावसायिक सुरक्षेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. प्रौढ माणसाला खाटेवरून उचलताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून उचलण्याचे यंत्र आणि सरकवण्याची चादर यांची मागणी करणे हा आपला हक्क समजा. आठवड्यातून दोन-तीन वेळा पाय, पाठ आणि पोट यांच्या बळकटीचा थोडा वेगळा व्यायाम करा. मात्र दमवणाऱ्या पाळीनंतर लगेच करू नका.

प्रश्न : मी गोदामावर देखरेख करतो. माझ्या हाताखालची निम्मी माणसे पन्नाशी ओलांडलेली आहेत आणि निवृत्तीचे वय वाढल्याने ती आणखी बरीच वर्षे राहणार. मालक म्हणतात, जुन्यांना हलके काम द्यायचे तर तरुणांवर बोजा पडतो. मी काय करू शकतो?

उत्तर : ओझे माणसामाणसांत वाटत बसण्याआधी ते कमी करता येते का, हे पाहा. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या १९९१ च्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायचे वजन २३ किलोंपर्यंतच असावे. ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटर दूर धरावे लागले, की ही मर्यादा निम्म्यावर येते. म्हणजे खोल मांडणीच्या तळाशी, हात लांबवून घ्यावे लागणारे खोके नुसते कमरेच्या उंचीवर पुढच्या बाजूला आणले, तरी पन्नाशीच्या आणि पंचविशीच्या दोघांचीही पाठ वाचते. यात तरुणांवर बोजा पडत नाही, हे मालकांना दाखवून द्या.

जर्मनीतील डिंगॉल्फिंग येथे बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये एका जुळणी विभागात मुद्दाम वयस्क कामगारांचे प्रमाण वाढवून प्रयोग केला. लाकडी जमीन, बसून काम करण्यासाठी खुर्च्या, बारीक भाग पाहण्यासाठी भिंगे, कामाची अदलाबदल असे सुमारे ७० छोटे बदल झाले आणि वर्षभरात उत्पादकता सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. यातील बऱ्याचशा सूचना कामगारांनीच दिल्या होत्या. आपणही तिथूनच सुरुवात करा. कोणते खोके, कोणता कोपरा, कोणती वेळ सर्वांत त्रासाची आहे, हे प्रत्येकाला एकेकट्याने विचारा, कारण चारचौघांत पन्नाशीचा माणूस आपली पाठ दुखते असे सहसा कबूल करत नाही. त्याला हलक्या कामाबरोबर कमी पगाराची भीती असते. पगार कमी होणार नाही, हे मालकांकडून आधी लेखी घ्या आणि मगच त्यांना विचारायला जा.