कटसीन बघितले म्हणजे गेम खेळून झाला का?

आजकालचे गेम सिनेमासारखेच असतात, मग खेळायचं कशाला, यूट्यूबवर सगळे कटसीन, म्हणजे खेळ थांबवून मध्ये दाखवलेले सिनेमासारखे प्रसंग, सलग बघितले की झालं, असं तुम्ही विचारलंय. दिसण्यापुरतं तुमचं बरोबर आहे. 'गॉड ऑफ वॉर' (2018) सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही कट न घेता उलगडतो. तिकडे 'द मँडलोरियन' या मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये (2019) कलाकारांच्या मागे एलईडीची भिंत उभारली होती. कॅमेरा हलला की भिंतीवरचा देखावा त्याच कोनातून बदलायचा, आणि हे काम अनरिअल या इंजिनावर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, चालायचं.

गोष्टीचं मात्र तसं नाही. 'द लास्ट ऑफ अस'च घ्या. गेम 2013चा, एचबीओची मालिका 2023ची, आणि लेखक नील ड्रकमन दोन्हीकडे होता. (पुढे शेवट फुटणार आहे.) गेममध्ये आपण बहुतेक वेळ जोएल असतो, म्हणजे एली या मुलीला सोबत घेऊन निघालेला माणूस, त्यामुळे त्याला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. जोएलच्या ओळखीच्या बिलचा जोडीदार फ्रँक आपल्याला भेटतो तो मेलेला, सोबत बिलसाठी एक कडवट चिठ्ठी. मालिकेवर ते बंधन नाही, म्हणून तिसऱ्या भागात ती जोएलला बाजूला ठेवून त्या दोघांचं अख्खं सहजीवन दाखवू शकते. इथे मालिका सरस, यात मला शंका नाही.

शेवटाला पारडं फिरतं. जगभर पसरलेला संसर्ग एलीला बाधत नाही, त्यामुळे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली तर कदाचित लस मिळेल, पण ती वाचणार नाही. जोएल ऑपरेशन थिएटरमध्ये शिरतो, समोर डॉक्टर स्काल्पेल घेऊन उभा. आता कंट्रोलर आपल्या हातात असतो, आणि डॉक्टरला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. मला जोएलचं पटत नव्हतं, तरी ते माझ्याच हातून झालं, आणि ते अजून सलतं. मालिकेत गोळीबाराचा आवाज दबतो, वर संगीत येतं, आणि जोएल काय करतोय ते आपण बाहेरून बघतो. अंगावर काटा येतो, पण आपण त्याला दोष देऊ शकतो. गेममध्ये तेवढी मोकळीक नाही.

म्हणून खेळणं जमणार नसेल तर खुशाल मालिका बघा, ती पडद्यासाठीच लिहिलेली आहे. कटसीन जोडलेले व्हिडिओ मात्र नकोत. जोएल आणि एलीच्या कितीतरी गप्पा चालता चालता, कपाटं धुंडाळताना होतात. एली विनोदाच्या पुस्तकातले पीजे वाचून दाखवते तेही असंच, आणि घाई केली तर खेळणाऱ्यालाही ते ऐकू येत नाहीत. नातं जुळतं ते तिथेच, आणि त्या व्हिडिओंमध्ये नेमकं तेच कापलेलं असतं.